रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना कोलोनोस्कोपी: कधी थांबवायची, कधी परत सुरू करायची

कोलोनोस्कोपीची (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासण्याची) तारीख मिळाली की रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ही गोळी बंद कधी करायची? दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे: परत सुरू कधी करायची? तो बहुतेक वेळा विचारायचाच राहतो आणि खरा घोटाळा तिथेच होतो. तपासणी नीट पार पडते, पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढलेली मांसल गाठ) निघतो, पेशंट घरी येतो आणि ‘डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करू’ म्हणत गोळ्यांची पट्टी आठवडा-दोन आठवडे तशीच पडून राहते. म्हणून तयारीची सुरुवात एका कागदापासून करा. त्यावर दोन तारखा हव्यात: शेवटची गोळी कधी घ्यायची आणि पुन्हा पहिली गोळी कधी घ्यायची. दोन्ही तारखा डॉक्टरांकडून तपासणीच्या आधी लिहून घ्यायच्या. दुसरी जागा रिकामी असेल तर तयारी अजून पुरी झालेली नाही.

खाली जे दिवस दिले आहेत ते समजून घेण्यासाठी आणि नेमके प्रश्न विचारण्यासाठी आहेत. गोळी थांबवायचा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो, दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांनी आणि ती गोळी ज्यांनी सुरू केली त्यांनी. स्वतःच्या मनाने एकही गोळी सोडू नका.

‘सगळंच बंद करू, म्हणजे सुरक्षित’ हे का चुकतं

पॉलिप काढलेल्या जागेतून रक्त आलं तर ते दिसतं. बहुतेक वेळा पुन्हा दुर्बीण घालून, क्लिप लावून ते थांबवता येतं. त्रास होतो, कधी रक्त चढवावं लागतं, पण माणूस सहसा पूर्ववत होतो. उलट, गोळी थांबल्यामुळे मेंदूत गुठळी गेली, स्टेंट बंद पडला किंवा कृत्रिम झडपेवर गुठळी धरली, तर झालेलं नुकसान बऱ्याचदा भरून येत नाही. म्हणून डॉक्टर दर वेळी दोन्ही बाजू तोलतात: या माणसाला गुठळीचा धोका किती आणि आज आतड्यात जे करायचं आहे त्यातून रक्त जाण्याचा धोका किती.

पहिली पायरी: यादी, आणि तीही पट्ट्यांसकट

तपासणीच्या निदान दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. काही गोळ्या सात दिवस आधी थांबवाव्या लागतात आणि हृदयाच्या डॉक्टरांचं मत घ्यायलाही वेळ लागतो. जाताना नुसती नावं सांगू नका, गोळ्यांच्या पट्ट्याच घेऊन जा. कारण साधं आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात, कधी त्यात कोलेस्टेरॉलचं औषधही असतं. ‘क्लोपिडोग्रेल थांबवा, ॲस्पिरिन चालू ठेवा’ असं सांगितलं आणि घरी अशी जोडगोळी असली, तर पेशंट एकतर दोन्ही बंद करतो किंवा दोन्ही चालू ठेवतो. अशा वेळी त्या काही दिवसांसाठी ॲस्पिरिनची (आणि कोलेस्टेरॉलच्या औषधाची) वेगळी गोळी लिहून घ्यावी लागते.

यादीत हेही हवं:

- प्रत्येक गोळी कशासाठी चालू आहे: हृदयाचे अनियमित ठोके (एट्रियल फिब्रिलेशन), पायातली किंवा फुप्फुसातली गुठळी, स्टेंट, कृत्रिम झडप, पूर्वीचा पक्षाघात.
- स्टेंट कोणत्या महिन्यात बसवला, झडप कोणती आणि कोणत्या जागी, गुठळी कधी झाली होती. इथे तारखांना फार महत्त्व आहे.
- अंगदुखी-गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतलेल्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनीही रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि पेशंट त्या ‘औषधांत’ धरतच नाहीत.
- वजन, वय आणि अलीकडचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी).

शेवटचा मुद्दा लोकांना अनावश्यक वाटतो, म्हणून एक हिशेब करून पाहू. सूत्र असं: १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन या आकड्याने भागा, स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. समजा ७४ वर्षांच्या बाई आहेत, वजन ५२ किलो, क्रिएटिनिन १.२. रिपोर्टवर हा आकडा फारसा वाईट दिसत नाही. पण (१४० − ७४) × ५२ म्हणजे ३४३२, भागिले ८६.४ म्हणजे जवळपास ३९.७, आणि ०.८५ ने गुणल्यावर सुमारे ३४. या आकड्याला क्रिएटिनिन क्लिअरन्स म्हणतात. म्हणजे मूत्रपिंड बरंच मंद काम करतंय. डॅबिगॅट्रानसारखं औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर जातं, ते या बाईंच्या अंगात जास्त दिवस राहणार. दोन दिवस थांबवून भागणार नाही, चार दिवस लागतील. क्रिएटिनिन जुनं असेल तर नवं करून घ्या.

दुसरी पायरी: आतड्यात नेमकं काय होणार आहे

नुसती पाहणी करणं, किंवा बायॉप्सीसाठी चिमट्याने लहान तुकडा घेणं, यात रक्तस्रावाचा धोका कमी असतो. यासाठी गोळ्या सहसा थांबवत नाहीत. वॉरफरिन घेणाऱ्यांनी आधीच्या आठवड्यात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासून तो ठरलेल्या मर्यादेत आहे एवढी खात्री करायची, आणि ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान घेणाऱ्यांना त्या दिवशी सकाळची गोळी (काही ठिकाणी आदल्या दिवसाचीही) टाळायला सांगतात.

पॉलिप काढणं वेगळं, आणि त्यातही फरक आहे. एक सेंटिमीटरपेक्षा लहान पॉलिप आता बहुधा थंड फाशाने काढतात. तारेचा बारीक फासा पॉलिपभोवती आवळून तो नुसता कापतात, वीज वापरत नाहीत. जखम उथळ राहते आणि खालच्या थरातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना धक्का लागत नाही. विजेच्या फाशाने काढताना त्या क्षणी रक्त थांबतं, पण भाजलेल्या जागी खपली धरते आणि ती पुढे पाच ते चौदा दिवसांत गळते. रक्तस्राव होतो तो तेव्हा. घरी सगळं ठीक चाललेलं असताना आठव्या दिवशी शौचात लाल रक्त दिसतं ते याच कारणाने. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे पॉलिप, खाली द्रव टोचून उचलून काढलेले पॉलिप, यांत हा धोका सर्वांत जास्त.

अडचण अशी की आत पॉलिप आहे की नाही हे आत गेल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे डॉक्टर सहसा दोनपैकी एक रस्ता धरतात. गुठळीचा धोका मध्यम असेल तर ‘पॉलिप मिळेल’ असं धरून आधीच गोळी थांबवतात, म्हणजे एकाच तयारीत काम होतं. धोका फार असेल तर गोळी चालू ठेवून आधी नुसतं पाहतात, लहान पॉलिप जमल्यास थंड फाशाने काढतात आणि मोठा दिसला तर पूर्ण नियोजन करून दुसऱ्यांदा बोलावतात. दुसऱ्या रस्त्यात पोट दोनदा साफ करावं लागू शकतं. ते कंटाळवाणं आहे, पण नुकताच स्टेंट बसलेल्या माणसासाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे.

तुमच्यासाठी कोणता रस्ता ठरला आहे, हे स्पष्ट विचारा.

तिसरी पायरी: कोणती गोळी, किती दिवस

*ॲस्पिरिन (७५ ते १५० मिलिग्रॅम).* जवळजवळ नेहमी चालूच ठेवतात, पॉलिप काढायचा असला तरी. फार मोठा पॉलिप असेल तरच वेगळा विचार होतो. स्टेंट असलेल्याने ॲस्पिरिन सोडणं ही मोठी चूक आहे.

*क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर.* पहिल्या दोन गोळ्या प्लेटलेटना (रक्ताची गुठळी धरायला मदत करणाऱ्या रक्तातल्या सूक्ष्म पेशींना) कायमचं निकामी करतात. प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं असतं, म्हणून औषध अंगातून गेलं तरी नव्या प्लेटलेट पुरेशा तयार होईपर्यंत थांबावं लागतं. क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस. टिकाग्रेलॉरची पकड सुटणारी आहे, ते ३ ते ५ दिवस. या काळात ॲस्पिरिन चालू ठेवतात, आणि कुणी एकटं क्लोपिडोग्रेल घेत असेल तर तात्पुरतं ॲस्पिरिन देता येईल का हे विचारतात. औषध लावलेला स्टेंट बसवून सहा महिने झाले नसतील, किंवा हार्ट ॲटॅकनंतर वर्ष झालं नसेल, तर तातडीची नसलेली तपासणी पुढे ढकलता येईल का हे हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारायचं. शौचातून रक्त जातंय किंवा कर्करोगाची शंका आहे, तर मात्र नुसतं ढकलत बसायचं नाही, तेव्हा गोळी चालू ठेवून पाहणी करता येते.

*वॉरफरिन.* यकृतात तयार होणारे रक्त गोठवणारे घटक हे औषध कमी करतं आणि ते घटक पुन्हा भरून यायला दिवस लागतात. म्हणून ५ दिवस आधी थांबवायचं आणि आदल्या दिवशी आयएनआर १.५ च्या खाली आला आहे ना ते पाहायचं. ॲसिनोकुमारॉल याच जातीचं पण लवकर ओसरणारं, ते २ ते ३ दिवस आधी थांबवतात. ही दोन औषधं एकच समजून दिवसांची अदलाबदल करू नका.

*ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, एडॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान.* पॉलिप काढायचा असेल तर शेवटची गोळी ३ दिवस आधी, म्हणजे मधले दोन दिवस पूर्ण कोरडे. डॅबिगॅट्रान घेणाऱ्याचं क्रिएटिनिन क्लिअरन्स ५० च्या खाली असेल तर शेवटची गोळी ५ दिवस आधी. इथे आयएनआर पाहून काही उपयोग नाही, तो या औषधांचं मोजमाप करत नाही.

‘तीन दिवस आधी’ या शब्दांनी सर्वांत जास्त गोंधळ होतो. तीन दिवस सोडायचे की तीन दिवस आधी शेवटची घ्यायची? म्हणून वार लिहूनच घ्या. तपासणी गुरुवारी सकाळी असेल तर:

- ॲपिक्साबॅन किंवा रिव्हरॉक्साबॅन: शेवटची गोळी सोमवारी. मंगळवार आणि बुधवार नाही, गुरुवारी सकाळी नाही.
- डॅबिगॅट्रान, मूत्रपिंड मंद असताना: शेवटची गोळी शनिवारी. रविवार ते बुधवार नाही, गुरुवारी सकाळी नाही.
- वॉरफरिन: शेवटची गोळी आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी. शनिवार ते बुधवार पाच रात्री नाही. बुधवारी आयएनआर.
- क्लोपिडोग्रेल, सात दिवस ठरले असतील तर: शेवटची गोळी आदल्या आठवड्यातल्या बुधवारी.

डब्याच्या कप्प्यांत गोळ्या भरून ठेवायची सवय असेल तर त्या वारांच्या कप्प्यांतून ती गोळी आजच काढून ठेवा. हात सवयीने चालतो.

मधल्या काळात हेपरिनची इंजेक्शनं लागतात का?

पूर्वी वॉरफरिन थांबवलं की मधल्या दिवसांत गुठळी होऊ नये म्हणून सर्रास हेपरिनची इंजेक्शनं दिली जात. आता नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रिज’ या मोठ्या चाचणीत एट्रियल फिब्रिलेशनच्या पेशंटमध्ये इंजेक्शन न घेणाऱ्यांत गुठळीचं प्रमाण ०.४ टक्के होतं आणि घेणाऱ्यांत ०.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. मोठा रक्तस्राव मात्र १.३ टक्क्यांच्या जागी ३.२ टक्के झाला. फायदा काहीच नाही, तोटा दुपटीहून जास्त.

पण ही चाचणी यांत्रिक झडपवाल्यांवर केलेली नव्हती. माइट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) यांत्रिक झडप, कृत्रिम झडपेसोबत एट्रियल फिब्रिलेशन, अरुंद माइट्रल झडपेसोबत एट्रियल फिब्रिलेशन, किंवा तीन महिन्यांच्या आत झालेली गुठळी, अशांचा विचार वेगळा होतो. त्यांना वॉरफरिन थांबवल्यावर साधारण दोन दिवसांनी इंजेक्शन सुरू करतात आणि शेवटचं इंजेक्शन तपासणीच्या निदान २४ तास आधी देतात. हा २४ तासांचा नियम मोडला जातो तो एका साध्या कारणाने: सकाळ-संध्याकाळचं इंजेक्शन असलं की आदल्या संध्याकाळचं सवयीने टोचलं जातं. कागदावर तास लिहून घ्या. ॲपिक्साबॅनसारख्या गोळ्या थांबवल्यावर इंजेक्शन लागतच नाही. त्या लवकर उतरतात आणि लवकर चढतात.

पोट साफ करण्याचा दिवस

जुलाबाच्या द्रावणाने शरीरातलं पाणी जातं. पाणी कमी पडलं की मूत्रपिंड मंदावतं आणि अंगातलं औषध बाहेर पडायला उशीर होतो. म्हणून दिलेल्या वेळेपर्यंत स्वच्छ द्रव भरपूर प्या. जुलाब सुरू असताना घेतलेली गोळी न विरघळताच वाहून जाऊ शकते, तेव्हा ॲस्पिरिन आणि रक्तदाबाची जी गोळी चालू ठेवायला सांगितली आहे ती द्रावण सुरू करायच्या निदान तासभर आधी घ्या. तपासणीच्या सकाळी ॲस्पिरिन घोटभर पाण्याबरोबर चालते. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधीच बंद करा, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो आणि आत नीट दिसत नाही. मधुमेहाच्या औषधांचं स्वतंत्र विचारा.

कागदाप्रमाणे चूक झाली असेल, म्हणजे थांबवायची गोळी मंगळवारी घेतली गेली असेल, तर ते लपवू नका. सकाळी दारातच सांगा: कोणती गोळी, कितीची, किती वाजता. तपासणी रद्द होईलच असं नाही. पाहणी करून लहान पॉलिप काढता येतात किंवा एक-दोन दिवस पुढे जाता येतं. डॉक्टरांना माहीत नसताना मोठा पॉलिप कापला गेला तर मात्र पंचाईत होते.

तपासणी झाल्यावर, घरी निघण्याआधी

गुंगीच्या औषधामुळे त्या दिवशी ऐकलेलं लक्षात राहत नाही. म्हणून सोबतच्या माणसाने आत जाऊन ऐकायचं आणि या गोष्टी लिहून घ्यायच्या: किती पॉलिप काढले, सर्वांत मोठा केवढा, थंड फाशाने की विजेच्या, क्लिपा लावल्या का आणि किती, आणि गोळी सुरू करायची तारीख आधी ठरल्याप्रमाणेच आहे की बदलली. क्लिपा काही आठवड्यांत आपोआप पडून जातात, पण तोवर एमआरआय करायची वेळ आली तर क्लिप असल्याचं सांगावंच लागतं. आतड्याच्या उजव्या भागातला दोन सेंटिमीटरचा किंवा मोठा पॉलिप काढला असेल, तर जखम क्लिपांनी बंद केल्याने नंतरचा रक्तस्राव कमी होतो. तुमच्याबाबत ते केलं का, हे विचारायला संकोच नको.

परत सुरू करणं: प्रत्येक गोळीचा दिवस वेगळा का

वॉरफरिन त्याच रात्री नेहमीच्या डोसमध्ये सुरू करतात, हे ऐकून लोक घाबरतात: आजच जखम झाली आणि आजच रक्त पातळ करायचं? पण वॉरफरिनचा पूर्ण परिणाम यायला पाच-सहा दिवस लागतात. आज घेतलेली गोळी आज रक्त पातळ करत नाही. उशीर केला तर संरक्षण तितके दिवस मागे पडतं. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट गोळी घेऊ नका.

ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांचं उलट. काही तासांतच पूर्ण परिणाम. म्हणून पॉलिप काढल्यावर साधारण ४८ ते ७२ तासांनी सुरू करतात, म्हणजे गुरुवारच्या तपासणीनंतर शनिवारी किंवा रविवारी. पॉलिप लहान आणि थंड फाशाने काढलेला असेल तर डॉक्टर याहून लवकरही सांगतात. काहीच काढलं नसेल तर बहुधा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी.

क्लोपिडोग्रेल नेहमीच्या ७५ मिलिग्रॅमच्या डोसने हळूहळू चढतं, म्हणून एक-दोन दिवसांत सुरू होतं. हेपरिनची इंजेक्शनं चालू असतील तर मोठ्या पॉलिपनंतर ती ४८ ते ७२ तास थांबून सुरू करतात आणि आयएनआर मर्यादेत येईपर्यंत वॉरफरिनसोबत देतात.

पुढचे दोन आठवडे

पहिल्या-दुसऱ्या दिवशी शौचाबरोबर रक्ताची बारीक रेष दिसली तर घाबरू नका, नजर ठेवा. पण पुढीलपैकी काहीही झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा: रक्ताच्या गाठी पडणं, मळाशिवाय नुसतं रक्त पुन्हा पुन्हा जाणं, डांबरासारखा काळा मळ, उभं राहिल्यावर चक्कर, छातीत धडधड, घाम सुटून गार पडणं. पोटात सतत वाढत जाणारं दुखणं किंवा ताप आला तरी तेच करा. ते आतड्याला इजा झाल्याचं लक्षण असू शकतं. जाताना तो कागद घेऊन जा. शेवटची गोळी कोणती आणि किती वाजता घेतली हा तिथला पहिला प्रश्न असतो. रक्त दिसलं म्हणून पुढची गोळी घ्यायची की नाही, हे फोन करून विचारा, स्वतः ठरवू नका.

आणि गुठळीकडेही तितकंच लक्ष द्या. तोंड एका बाजूला वाकणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दाब, अचानक धाप लागणं, एकच पिंढरी सुजून दुखणं. यातलं काहीही दिसलं तर तासाचाही विलंब नको.

दुखलंच तर पॅरासिटामॉल घ्या, आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक नको. मोठा पॉलिप काढला असेल तर दोन आठवडे दवाखान्यापासून लांबचा प्रवास टाळा, कारण खपली गळण्याचा काळ तोच असतो. या काळात दुसऱ्या कारणाने अँटिबायोटिक सुरू झालं तर वॉरफरिन घेणाऱ्यांनी ते लगेच कळवायचं; बऱ्याच अँटिबायोटिकनी आयएनआर वर जातो.

ठरलेल्या तारखेला गोळी घेतली की कागदावर त्या तारखेपुढे खूण करा. वॉरफरिन असेल तर सुरू केल्यापासून आठवड्याने आयएनआर करा आणि तो आकडाही तिथेच लिहा. पॉलिपचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आला की त्यालाच तो कागद जोडून ठेवा: पुढची कोलोनोस्कोपी तीन, पाच किंवा दहा वर्षांनी होईल तेव्हा या वेळी कोणती गोळी किती दिवस थांबवली होती आणि काय झालं, हे कुणालाही आठवणार नाही, पण नव्या डॉक्टरांना तेच हवं असेल.